उत्तरेकडील सरोवरांतील माशांचे वाण व त्यांचें बीज

एका मुलखाचें बीं दुसऱ्या मुलखांत नेऊन पेरलें असतां तें तसेंच पिकेल असें नाहीं, ही गोष्ट शेतकऱ्यास कोणी शिकवावी लागत नाहीं. मालदांडी ज्वारी मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत जशी उतरते तशी ती कोंकणच्या वरकस जमिनींत उतरत नाहीं; आणि माणदेशच्या कोरड्या हवेंत वाढलेला खिलार बैल कोंकणच्या पावसांत व चिखलांत तितकें काम देत नाहीं. पीक असो वा जनावर असो, ज्या हवापाण्यांत तें पिढ्यान् पिढ्या वाढलें त्याची खूण त्याच्या बीजांत उतरलेली असते. परंतु माशांचा विषय निघाला म्हणजे हाच विचार आपण बाजूस ठेवतों. तळ्यांतील मासे कमी झाले, तर जेथून स्वस्त मिळेल तेथून बीज आणावें आणि सोडून द्यावें, अशी आपली समजूत असते. युरोप व अमेरिकेंतील जाणत्या लोकांचीहि समजूत शंभर वर्षें हीच होती. ती कशी चुकीची ठरली आणि ती दुरुस्त होईपर्यंत काय काय हातचें गेलें, हें उत्तरेकडील थंड मुलखांतील सरोवरांच्या अभ्यासावरून फार स्पष्ट दिसतें. म्हणून त्या अभ्यासाची माहिती येथें क्रमानें देण्याचें योजिलें आहे.

या लेखांत ‘जात’ हा शब्द रोहू, कटला, ट्राउट अशा मुख्य भेदांस लावला आहे. आणि एकाच जातीच्या, परंतु निरनिराळ्या पाण्यांत निरनिराळ्या बीजानें चालत आलेल्या कुळांस ‘वाण’ म्हटलें आहे.

सरोवरांचा जन्म.— सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, स्कॉटलंड, आयर्लंडचा बहुतेक भाग आणि जवळजवळ सगळा कॅनडा हे देश बर्फाच्या जाड थराखालीं गाडलेले होते. पुढें हवा उबदार होत गेली, बर्फ वितळूं लागलें, आणि त्याच्या ओझ्यानें व घर्षणानें जमिनींत जे खळगे पडले होते ते पाण्यानें भरले. आज त्या मुलखांत दिसणारीं लहानमोठीं असंख्य सरोवरें बहुतांशीं अशींच झालेलीं आहेत. त्यांचें वय दहा-बारा हजार वर्षांपेक्षां फारसें अधिक नाहीं. त्यांतील मासे मागाहून आले. कांहीं समुद्रांतून नद्यांच्या वाटेनें वर चढले, तर कांहीं बर्फ न पोंचलेल्या दूरच्या पाण्यांतून आले. पुढें बर्फाचें ओझें उतरल्यामुळें जमीन हळूहळू वर उचलली गेली, धबधबे उभे राहिले, वाटा बंद झाल्या, आणि जे मासे ज्या सरोवरांत होते ते तेथेंच कोंडले गेले. ट्राउट माशाची एक पिढी चार-पांच वर्षांची धरली, तर तेव्हांपासून आजपर्यंत दोन-अडीच हजार पिढ्या होतात. पृथ्वीच्या वयाच्या मानानें हा काळ अगदींच थोडा. पण वाण वेगळा पडण्यास तो पुरेसा झाला.

वाण वेगळे कसे पडतात ?— याचीं मुख्य कारणें चार आहेत. पहिलें असें कीं, नव्या सरोवरांत प्रथम जे थोडे मासे पोंचले त्यांच्याजवळ मूळच्या कळपाचा सगळा गुणसंग्रह नव्हता. मूठभर बियाण्यांत जेवढे गुण आले तेवढेच पुढील पिकांत उतरावयाचे. दुसरें असें कीं, कळप लहान असला म्हणजे केवळ दैवयोगानें कांहीं गुण नाहींसे होतात व कांहीं सर्वत्र पसरतात. यांत चांगल्या-वाईटाचा संबंध नसतो. तिसरें कारण निसर्गाची निवड. एका सरोवराचें पाणी उथळ व गोगलगाईंनीं भरलेलें, तर दुसऱ्याचें खोल व रिकामें. एके ठिकाणीं मोठा भक्षक मासा आहे, दुसरीकडे नाहीं. अशा वेळीं ज्या माशाची ठेवण त्या जागेस जुळते त्याचीं पिलें अधिक जगतात. चौथें कारण ट्राउट, सामन यांसारख्या माशांची एक विशेष संवय होय. हे मासे वाढतात सरोवरांत किंवा समुद्रांत, पण अंडीं घालण्यास बहुधा ज्या ओढ्यांत स्वतः जन्मले त्याच ओढ्यांत परत येतात. त्यामुळें एकाच सरोवरांत शेजारीं शेजारीं चरणाऱ्या माशांचीहि सोयरीक जमत नाहीं, व एका पाण्यांत दोन वाण शुद्ध राहूं शकतात.

भेद ओळखण्याची रीत.— नुसत्या रंगावरून किंवा आकारावरून वाण ठरवितां येत नाहीं. खाणें बदललें, पाणी बदललें, म्हणजे माशाचा रंग व अंगलट बदलते. म्हणून जुन्या काळीं कोळी लोक दोन प्रकारचे मासे दाखवीत, आणि विद्वान् म्हणत कीं हा केवळ खुराकाचा फरक आहे. ही शंका फेडण्याचें साधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिळालें. माशाच्या स्नायूंत व इतर अवयवांत जीं प्रथिनें असतात त्यांचा अर्क चिकट खळीच्या वडीवर ठेवून तींतून विजेचा प्रवाह सोडला, तर प्रथिनाचीं निरनिराळीं रूपें निरनिराळ्या वेगानें पुढें सरकतात व त्यांचे पट्टे वेगवेगळे दिसतात. प्रथिनाचें रूप हें जनुकानें, म्हणजे आईबापांकडून आलेल्या गुणवाहक घटकानें ठरतें. खुराकानें तें बदलत नाहीं. प्रत्येक माशास असा घटक दोन प्रतींत मिळतो, एक बापाकडून व एक आईकडून.

आतां एक साधा हिशेब पाहूं. एखाद्या सरोवरांत एका जनुकाचीं ‘अ’ आणि ‘ब’ अशीं दोन रूपें निम्मेनिम असतील, आणि सगळे मासे एकमेकांशीं सरमिसळ जुगत असतील, तर शंभर माशांत सुमारें पंचवीस निव्वळ ‘अ’चे, पंचवीस निव्वळ ‘ब’चे व पन्नास मिश्र निघाले पाहिजेत. स्वीडनच्या जेम्टलंड प्रांतांत डोंगरावर बुनेर्शो नांवाचीं लहान सरोवरें आहेत. तेथील ट्राउट मासे तपासले असतां एका प्रथिनाचीं दोन्ही रूपें आढळलीं, परंतु निम्मे असावयास पाहिजेत ते मिश्र मासे मात्र मिळेनात. याचा अर्थ एकच होऊं शकतो. तो असा कीं, वरून एक दिसणारा तो कळप वस्तुतः दोन कळपांचा असून ते एकमेकांशीं जुगत नाहींत. दोहोंच्या वाढीच्या वेगांतहि फरक निघाला. फ्रेड अॅलेनडॉर्फ, निल्स रीमन व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ व १९७९ सालीं हा शोध प्रसिद्ध केला. ज्या पाण्यावर मासेमार व अभ्यासक वर्षानुवर्षें वावरत होते, त्यांत दोन वाण आहेत हें डोळ्यांनीं कोणास कळलें नव्हतें. तें या हिशेबानें कळलें. पुढें डी.एन्.ए. वाचण्याच्या रीती निघाल्या, आणि आज माशाच्या पराच्या लहानशा तुकड्यावरूनहि त्याचें कूळ सांगतां येतें.

एका सरोवरांत तीन ट्राउट.— आयर्लंडच्या वायव्य भागांत मेल्विन नांवाचें सरोवर आहे. त्यांत तीन प्रकारचे ट्राउट असल्याचें तेथील गळकरी पूर्वापार सांगत व त्यांना तीन नांवेंहि देत. ‘गिलारू’ हा सोनेरी अंगाचा व मोठ्या तांबड्या ठिपक्यांचा. हा तळाशीं व कांठाला चरतो, गोगलगाई खातो, आणि त्याच्या जठराची भिंत जाड असते. ‘सोनाहेन’ हा रुपेरी, काळ्या ठिपक्यांचा व काळसर परांचा. हा मोकळ्या पाण्यांत तरंगणाऱ्या बारीक जीवांवर जगतो. तिसरा ‘फेरॉक्स’, हा मोठा होतो, दीर्घायुषी असतो आणि इतर मासे खातो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठांतील अँड्र्यू फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या वर्षांत दाखवून दिलें कीं, हे तिघे बीजानेंच वेगळे आहेत. सोनाहेन सरोवरांत येऊन मिळणाऱ्या नद्यांत अंडीं घालतो, गिलारू मुख्यतः सरोवरांतून बाहेर पडणाऱ्या नदींत घालतो, आणि फेरॉक्स एका नदीच्या खालच्या खोल भागांत घालतो. जेवण्याची जागा वेगळी, व विणीची जागाहि वेगळी. म्हणून हजारों वर्षें एका पाण्यांत राहूनहि त्यांची मिसळ झाली नाहीं. अडाणी समजल्या जाणाऱ्या मच्छीमारांचें म्हणणें येथें खरें ठरलें, हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आइसलंडांतील थिंगव्हाला सरोवर याहून नवलाचें. हें सुमारें ८४ चौरस किलोमीटर विस्ताराचें असून त्याची अधिकांत अधिक खोली ११४ मीटर आहे. त्यांत आर्क्टिक चॅर या माशाचीं चार रूपें राहतात : तळाशीं लाव्हाच्या फटींत शिरणारें खुजें रूप, तळाशींच चरणारें मोठें रूप, मोकळ्या पाण्यांतील ‘मुर्ता’, आणि मासे खाणारें रूप. तळच्या दोघांचें तोंड खालच्या बाजूस वळलेलें, तर वरच्या दोघांचें पुढें आलेलें असतें. मोठें तळचें रूप जुलै-ऑगस्टांत वितें, तर मुर्ता सप्टेंबर-ऑक्टोबरांत. म्हणजे येथें विणीचा हंगामच वेगळा पडला आहे.

फरक पाण्याचा कीं बीजाचा ?— याचा निकाल लावण्याची रीत शेतकऱ्यास परिचित आहे. दोन वाणांचें बीं एकाच वाफ्यांत, एकाच खतपाण्यावर लावावें. मग जो फरक उरेल तो बीजाचा. थिंगव्हालाच्या चॅरचीं अंडीं प्रयोगशाळेंत नेऊन सारख्या खुराकावर वाढविलीं, तेव्हां डोक्याच्या ठेवणींतील व वागणुकींतील फरक पुष्कळ अंशानें कायम राहिला. अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीवरील सुपीरियर सरोवरांत ‘लेक ट्राउट’ माशाचे ‘लीन’ व ‘सिस्कोवेट’ असे दोन प्रकार आहेत. पहिला उथळ पाण्यांतील व कमी चरबीचा, दुसरा खोल पाण्यांतील व अतिशय चरबट. दोहोंचीं अंडीं एकाच ठिकाणीं उबवून पिलें एकाच खाद्यावर वाढविलीं, तरी सिस्कोवेटच्या अंगीं चरबी अधिक धरली. खोल पाण्यांतून वरखालीं करणाऱ्या माशास चरबीमुळें तरंगणें सोपें जातें. अर्थात् ती त्याच्या जागेस योग्य अशी देणगी असून ती बीजांत मुरलेली आहे.

नॉर्वेमधील लेश्यास्कोग सरोवराचें उदाहरण आणखी बोधप्रद आहे. त्यांत ग्रेलिंग हा मासा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं शेवटीं मनुष्यानें सोडला, आणि पुढें तेथून तो आसपासच्या दुसऱ्या सरोवरांत गेला. त्यांपैकीं कांहीं पाणी थंड, कांहीं उबदार. शंभर-सव्वाशें वर्षांनंतर या निरनिराळ्या कळपांचीं पिलें निरनिराळ्या उष्णमानांत वाढवून पाहिलीं, तेव्हां ज्या कळपास ज्या उष्णमानाची संवय, त्या उष्णमानांत त्याचीं पिलें चांगलीं जगलीं. म्हणजे वीस-पंचवीस पिढ्यांतच बीज पाण्यास जुळूं लागलें होतें.

लहान माशाची मोठी साक्ष.— बदल किती लवकर होतो हें पाहावयाचें तर स्टिकलबॅक हा बोटाएवढा काटेरी मासा पाहावा. समुद्रांतील स्टिकलबॅकच्या दोन्ही कुशींवर हाडाच्या तकटांचें चिलखत असतें. सरोवरांत राहणाऱ्याचें चिलखत बहुतेक गळून गेलेलें असतें. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत डेव्हिड किंग्जली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं या चिलखतामागील मुख्य जनुक शोधून काढलें. त्यांत असें दिसलें कीं, चिलखत कमी करणारें रूप समुद्रांतील थोड्याशा माशांत आधींपासूनच लपलेलें असतें. सरोवरांत गेल्यावर निसर्ग तेंच निवडून वाढवितो. नवें कांहीं निर्माण व्हावें लागत नाहीं. जुन्या सांठ्यांतूनच उपयोगी तें वर येतें. अलास्कांतील लोबर्ग सरोवरांत १९८२ सालीं औषध घालून सगळे मासे मारले होते. पुढें त्यांत समुद्रांतील स्टिकलबॅक शिरले. १९९० सालीं तपासलें तेव्हां जवळजवळ सर्व मासे पूर्ण चिलखताचे होते. २००१ पर्यंत सुमारें तीन चतुर्थांश मासे कमी चिलखताचे झाले. यावरून शेतकऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी कीं, कळपांत गुणांचा सांठा विविध असला तरच तो संकटास तोंड देऊं शकतो. सांठा एकदां संपला, म्हणजे निवड करणार तरी कशांतून ?

मिसळ झाली म्हणजे काय होतें ?— वाण घडण्यास हजारों वर्षें लागलीं तरी मोडण्यास दहा वर्षें पुरतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर बेटावर एनॉस नांवाचें लहान सरोवर आहे. त्यांत स्टिकलबॅकचे दोन वाण होते, एक तळचा व एक मोकळ्या पाण्याचा. १९९० नंतरच्या वर्षांत तेथें बाहेरून आलेला एक गोड्या पाण्यांतील खेकडेवजा झिंगा आढळूं लागला. त्याच सुमारास दोन्ही वाणांचा संकर सुरू झाला, आणि एकविसावें शतक उजाडतें न उजाडतें तोंच दोहोंची एक खिचडी होऊन बसली. मासे मेले नाहींत, संख्याहि संपली नाहीं. पण दोन वाण होते ते गेले, आणि ते परत आणण्याचा उपाय नाहीं.

पाळीव वाण रानटी वाणांत मिसळला तर काय होतें, याचा प्रयोग आयर्लंडच्या पश्चिमेस बरीशूल येथें करण्यांत आला. तेथें सरोवरें व नद्या एकमेकांस जोडलेल्या असून येणारा-जाणारा मासा मोजण्याची सोय आहे. जाळ्याच्या पिंजऱ्यांत पिढ्यान् पिढ्या पाळलेला सामन, रानटी सामन, आणि त्यांचे संकर यांचीं अंडीं एकाच नदींत सोडून त्यांचा जन्मभराचा हिशेब ठेवला. २००३ सालीं तो प्रसिद्ध झाला. रानटी सामनाचें यश शंभर धरलें, तर पाळीव सामनाचें अवघें दोन भरलें. संकर त्यांच्या दरम्यान, सत्तावीसपासून एकोणनव्वदपर्यंत उतरले. पाळीव मासा जलद वाढतो खरा, व लहानपणीं तो रानटी पिलांस जागेवरून हुसकूनहि लावतो. पण पुढें स्वतः टिकत नाहीं. म्हणजे यजमानाचें ताट ओढून घेणारा हा पाहुणा आपणहि जेवीत नाहीं आणि दुसऱ्यासहि जेवूं देत नाहीं.

योग्य वाणाची निवड.— याच ज्ञानाचा उपयोग बुडालेला धंदा उभारण्याकडेहि झाला आहे. उत्तर अमेरिकेंतील पांच महासरोवरांत समुद्रांतील लॅम्प्रे हा रक्त शोषणारा प्राणी कालव्यांच्या वाटेनें पसरला. ईरी सरोवरांत तो १९२१ सालीं व सुपीरियरमध्यें १९३८ सालीं आढळला. त्याच्या त्रासानें व बेसुमार मासेमारीनें मिशिगन सरोवरांतील लेक ट्राउट १९५५ च्या सुमारास पूर्णपणें नाहींसा झाला. ह्युरॉनमध्यें तो एकदोन कोपऱ्यांतच उरला. १९५८ पासून लॅम्प्रेचीं पिलें मारणारें औषध नद्यांत घालण्यास सुरुवात झाली, आणि मागोमाग कोट्यवधि ट्राउटचीं पिलें सोडण्यांत आलीं. परंतु कित्येक वर्षें हीं पिलें मोठीं होत, पण त्यांची वीण सरोवरांत म्हणण्यासारखी होईना. बीज कोणत्या पाण्याचें आणावें याचा विचार मग सुरू झाला. न्यू यॉर्क संस्थानांतील सेनेका सरोवरांत ट्राउट व लॅम्प्रे दीर्घकाळ एकत्र नांदत आलेले आहेत. तेथील वाण ह्युरॉन सरोवरांत इतरांपेक्षां लॅम्प्रेच्या हल्ल्यांतून अधिक वांचतो असें दिसून आलें. २००४ नंतर ह्युरॉनमध्यें नैसर्गिक वीण वाढीस लागली. यांत इतरहि कारणें होतीं, तथापि ज्या संकटांत टिकावयाचें त्या संकटांत आधीं टिकून दाखविलेलें बीज आणावें, हा धडा त्यांतून मिळाला.

थोड्या आईबापांचें बीज.— फिनलंडांतील सायमा सरोवरांत समुद्रास पारखा झालेला सामनाचा एक वाण आहे. त्याच्या विणीच्या नद्यांवर विसाव्या शतकांत विजेसाठीं धरणें झालीं, आणि तो केवळ मत्स्यबीजकेंद्रांत उबविलेल्या पिलांवर तगून राहिला. मूळचे आईबाप थोडे असल्यामुळें त्याच्यांतील गुणांचा सांठा अतिशय आटलेला आहे.

बीजकेंद्र चालविणाऱ्यांनीं येथें एक हिशेब समजून घ्यावा. कळपांत मासे किती आहेत यापेक्षां पुढील पिढीस नर किती व माद्या किती लागल्या याला महत्त्व आहे. नरांची संख्या व माद्यांची संख्या यांचा गुणाकार करावा, त्याची चौपट करावी, आणि त्यास दोहोंच्या बेरजेनें भागावें. जें उत्तर येईल तेवढीच त्या कळपाची खरी संख्या समजावी. उदाहरणार्थ, ५० माद्या व २ नर वापरले, तर ५० × २ = १००; त्याची चौपट ४००; तीस ५२ नीं भागलें म्हणजे सुमारें ८. बावन्न मासे वापरूनहि बीजाच्या दृष्टीनें ते आठच ! उलट २५ माद्या व २५ नर वापरले तर उत्तर पुरें ५० येतें. जवळच्या नात्यांतील जुगणीनें होणारी हानि या खऱ्या संख्येच्या दुपटीनें एकास भागून निघते. आठाच्या कळपांत ती दर पिढीस सहा टक्क्यांवर, तर पन्नासाच्या कळपांत एकच टक्का. सांडावांचून गाईंचा कळप वाढत नाहीं, पण एकाच सांडावर सारा गांव ठेवला तर पुढें काय होतें, हें सांगावयास नको.

आपल्याकडील संबंध.— हा विषय केवळ परदेशचा नाहीं. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें जें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पाण्यांतील महाशीरास शास्त्रीय नांव दिलें. पुढें धरणांमुळें हा मासा कमी होऊं लागला, तेव्हां लोणावळ्याजवळ त्याचें बीज कृत्रिम रीतीनें तयार करण्याचें काम १९७० नंतर सुरू झालें व तें यशस्वी झालें. परंतु त्याच बीजाचीं पिलें दक्षिणेंत कावेरी नदींतहि सोडण्यांत आलीं. कावेरींत स्वतःचा एक महाशीर होता, पाठीस उंचवटा असलेला व फार मोठा वाढणारा. आपला निळ्या परांचा महाशीर तेथें वाढला, आणि तेथील मूळचा मासा झपाट्यानें ओसरला. २०१८ सालीं त्याची शास्त्रीय ओळख पटली, व त्याच सालीं अत्यंत धोक्यांतील जातींत त्याची गणना झाली. तेथें धरणें, सुरुंग व विष हींहि कारणें आहेतच. तथापि एका नदीचें रक्षण करावयास तयार केलेलें बीज दुसऱ्या नदीस जाचक झालें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

याच्या उलट चांगलें उदाहरणहि आहे. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनीं अनेक नद्यांतील सामन एकत्र आणून निवडीनें पैदास करण्याची रीत १९७० नंतर बसविली. त्यांच्या सहकार्यानें भुवनेश्वर येथील मध्यवर्ती गोड्या पाण्याच्या मत्स्यसंवर्धन संस्थेंत रोहूवर १९९२ पासून तेंच काम सुरू झालें. त्यासाठीं गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा व सतलज या नद्यांतील रोहू गोळा केले, आणि त्यांत संस्थेच्या तळ्यांतील रोहू मिळविले. त्यांतून निघालेला ‘जयंती’ रोहू आज जलद वाढीसाठीं प्रसिद्ध आहे. नद्यांनदींत भेद होता म्हणूनच निवडीस वाव मिळाला. त्या नद्यांतील मूळचे रोहू सरमिसळीनें आधींच एकसारखे झाले असते, तर हें काम कशावर उभारतें ?

वरील सर्व विवेचनावरून शेततळ्यांत मासे पाळणाऱ्या व सहकारी संस्थेमार्फत तलाव घेणाऱ्या आपल्या बांधवांनीं पुढील गोष्टी पाळाव्या असें वाटतें. बीज घेतांना केवळ भाव व आकार न विचारतां तें कोणत्या केंद्राचें व कोणत्या मूळच्या कळपाचें हें विचारून वहींत टिपून ठेवावें. ज्या केंद्रांत रोहू, कटला व मृगळ एकाच हौदांत एकदम विणवितात तेथील बीज शक्य तों घेऊं नये. कारण त्यांचा नकळत संकर होतो. केंद्र चालविणाऱ्यांनीं नर व माद्या यांची संख्या बरोबरीची ठेवावी, तेच तेच जोड वर्षानुवर्षें वापरूं नयेत, आणि कांहीं वर्षांनीं खात्रीच्या दुसऱ्या कळपांतील मासे आणावे. तळ्यांतील पाळीव मासे पुरांत नदींत वाहून जाणार नाहींत अशी जाळी सांडव्यावर बसवावी. आणि ज्या ओढ्यांत, डोहांत किंवा देवस्थानच्या राखीव पाण्यांत जुना देशी मासा अजून टिकून आहे, तेथें बाहेरचें बीज, कितीहि चांगलें असलें तरी, मुळींच सोडूं नये. तळें हें आपलें शेत आहे. त्यांत काय पेरावें हें आपण ठरवूं शकतों. नदी मात्र सर्वांच्या बियाण्याची कणगी आहे, आणि तींतील बीं एकदां भेसळलें म्हणजे तें निवडून काढण्याचें सूप अद्याप कोणी तयार केलेलें नाहीं.